माटवीसाठी टोपडं: मुलुंड ते मुलुंड, व्हाया घाटकोपर, अंधेरी, बोरिवली

लोक हिमालयात जातात, केरळला जातात. आम्ही नवरा-बायको व्हीआर हेडसेट बघायला घाटकोपर-अंधेरी-बोरिवली करून आलो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे उपयोगाची माहिती आहे.

निमित्त माझ्या नवऱ्याचा उजवा खांदा. डॉक्टर त्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. हात छातीपर्यंत येतो आणि तिथे संप पुकारतो. एरवी मी म्हटलं असतं, पंखे पुसायला माणूस लावू, विषय संपला. पण आमचं गाव कणकवलीच्या पुढे, आणि आमच्या घरी गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. माहीत नसलेल्यांसाठी सांगते: माटवी म्हणजे छताला टांगलेली लाकडी चौकट. तिला आंब्याचे टहाळे, नारळ, सुपारीचे घोस, काकड्या, कवंडळं आणि रानातलं आणखी बरंच काही सालीच्या दोऱ्यांनी बांधायचं. सगळं काम हात डोक्यावर करून. लग्न होऊन घरात आल्यापासून मी हे काम माझ्या नवऱ्यालाच करताना पाहिलं आहे. दुसऱ्या कुणी एखादी काकडी बांधली तरी हा सगळे झोपल्यावर ती सोडून परत बांधतो.

जुलैमध्ये गावाहून धाकट्या दिराचा, बाळाचा फोन आला. "दादा, तुझो हात वर जाणा नाय. यंदा मी प्लास्टिकची तयार माटवी आणतंय. मस्त दिसता."

नवरा "बघू" म्हणाला आणि फोन ठेवून गच्चीवर निघून गेला. त्या दिवशी ताटात वाढलेल्या बांगड्याला त्याने हात लावला नाही. बांगड्याला! तेव्हा मला प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

व्यायाम दिलेला होता. भिंतीवर बोटं चढवत न्यायची. पण हा बोटांकडे असा बघत बसायचा की दुखायच्या आधीच "आई गं" म्हणायचा. पवईहून येणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी वैतागली. "काकू, यांचं सगळं लक्ष दुखण्याकडे आहे. हात दिसलाच नाही तर वर जाईल. व्हीआरवर, म्हणजे डोळे झाकणारं यंत्र डोक्याला बांधून, खेळायचे खेळ मिळतात, माझे दोन-तीन पेशंट करतात. पण विकत घ्यायच्या आधी काकांच्या डोक्यावर घालून बघा."

घालून बघायचं म्हणजे फिरणं आलं. मी तीन अटी ठरवल्या. चष्म्यावर बसलं पाहिजे. मान मोडता कामा नये. हात मोकळे राहिले पाहिजेत. शिवाय एका दिवसात निकाल लागला पाहिजे, कारण दुकानं फिरणं हा माझा छंद नाही.

घाटकोपर

मुलुंडहून सकाळी रिक्षा केली. रस्ता खणलेला आहे, हे वेगळं सांगायला नको. वेळ हातात ठेवून निघा आणि मणका घरी ठेवता आला तर ठेवा.

स्टेशनजवळच्या मोबाइलच्या दुकानांत सगळ्यात स्वस्त प्रकार मिळतो. तो म्हणजे भिंगं लावलेला प्लास्टिकचा डबा. त्यात आपलाच मोबाइल सरकवायचा आणि डोक्याला पट्टा बांधायचा. हजार-दोन हजारांत काम होतं. दुकानदाराने उत्साहाने रोलर कोस्टर लावला.

"अंकल, एकदम असली लगेगा!"

असलीच लागलं. नवऱ्याने डाव्या हाताने काउंटर धरला, उजव्या हाताने मला धरलं आणि म्हणाला, "सुमन, थांबव. गाडी थांबव."

"गाडी नाही, दुकान आहे. डोळे मिटा."

"मिटले. तरी चालूच आहे."

निकाल: चष्मा काढावा लागतो, काढला की धूसर दिसतं, आणि डब्याला आपले हात कळत नाहीत. नुसतं बसून बघायचं. नातवंडांना रविवारी गप्प बसवायचं असेल तर घ्या. खाऊगल्लीत शिरल्यावर मात्र नवऱ्याने मसाला डोसा पूर्ण खाल्ला. त्याच्या खांद्याचा पोटाशी संबंध नाही, एवढं तिथे सिद्ध झालं.

अंधेरी

घाटकोपरहून मेट्रो घ्या. लिफ्ट आहेत, गार आहे, आखडलेल्या खांद्याला कुणी धक्का देत नाही. साकीनाका आलं तसा नवरा खिडकीला चिकटला. तिथल्या एका वर्कशॉपात त्याने फिटर म्हणून उमेदीची वर्षं काढली.

"ती निळ्या पत्र्यांची शेड होती ना, तिच्या मागे आमचं." तो उजव्या हाताने दाखवायला गेला आणि हात अर्ध्यावरूनच परत आला. मग त्याने हनुवटीने दाखवलं. मी दुसरीकडे बघितलं.

अंधेरी पूर्वेला एका गेमिंग पार्लरमध्ये तासाच्या भाड्यावर वायरवाले हेडसेट मिळतात. हे मोठ्या कॉम्प्युटरला जोडलेले. चित्र इतकं स्वच्छ की मी स्वतः घालून बघितलं आणि समुद्राचा तळ पाहून "अरे वा" म्हणाले. हे मी सहसा म्हणत नाही.

पण पार्लरवाल्याने नवऱ्याला भुतं मारायचा खेळ लावून दिला. अंधारातून सडक्या तोंडाची माणसं चालून येतात, आपण बंदूक चालवायची.

"अंकल, मारो ना! सामने आ गया!"

"त्याने काय केलंय?" नवऱ्याने विचारलं.

"वो आपको खा जाएगा!"

"मग आधी बोलायचं ना." आणि त्याने बंदूक डाव्या हातात घेतली. उजवा हात अंगाशी घट्ट. सगळी भुतं डाव्या हाताने मारली, वर गुण मिळवले, आणि गोल फिरून-फिरून वायर स्वतःभोवती गुंडाळून घेतली. आम्ही दोघांनी त्याला पार्सल उघडावं तसा सोडवला.

निकाल: चित्र पहिल्या नंबरचं. पण घरी त्यासाठी तगडा कॉम्प्युटर हवा, म्हणजे किंमत लाखाच्या पुढे. आणि वायर. साठीच्या पुढच्या माणसाला डोळे झाकून वायरीत उभं करायचं असेल तर सोबत हाडांचा डॉक्टरही घ्या.

एव्हाना नवऱ्याचा चेहरा उतरला होता. "जाऊ दे सुमन. बाळ्याला सांगतो, आण प्लास्टिकची."

"मला सगळं बघून झाल्याशिवाय निकाल लावायची सवय नाही," मी म्हटलं. "चला."

बोरिवली

पुढेही मेट्रोच, फक्त लाइन बदलायची. बोरिवली पूर्वेला एका इलेक्ट्रॉनिक्सच्या शोरूममध्ये तिसरा प्रकार होता: वायर नाही, कॉम्प्युटर नाही, मोबाइल नाही, सगळं त्या टोपड्यातच. हो, टोपडंच. मागून पट्टा, पुढे डबा, बारशाचं बाळ दिसतं. त्यात दोन होते. एक तीस-पस्तीस हजारांच्या घरातला, दुसरा त्याच्या दुपटीच्या आसपास. महागड्याचं चित्र जास्त चांगलं, पण पुढून इतका जड की नवऱ्याची मान नव्या सुनेसारखी खाली गेली. स्वस्तातला हलका होता, चष्म्यावर बसला, आणि कॅमेऱ्याने आपले रिकामे हात ओळखत होता.

विक्रेता मराठी होता, चटपटीत. "काका, आधी नुसतं बघा हां. ही सुरुवातीची खोली आहे. लाकडी घर आहे, बाहेर डोंगर. मी गेम शोधतो तोपर्यंत."

शेजारच्या टीव्हीवर नवऱ्याला जे दिसत होतं ते आम्हालाही दिसत होतं. लाकडी घर, खिडकीत डोंगर, आणि छताला टांगलेली एक चौकट, तिला लोंबणारे कंदील आणि कसल्या तरी वेली. सजावट.

नवरा वर बघत राहिला.

"ही कोणी बांधली?" आवाज एकदम करडा.

"काय, काका?"

"माटवी. सगळा भार एका बाजूला. इकडे दोन नारळ, तिकडे काहीच नाही. अशी बांधतात?"

"काका, ते कंदील आहेत. डेकोरेशन आहे. हलत नाही ते."

"हलत नाही म्हणजे गाठ तरी बरी आहे." असं म्हणून माझ्या नवऱ्याने तो कंदील सरकवायला हात वर केला. उजवा. छाती गेली, खांदा गेला, कोपर कानाशी आलं. मी तोंडावर हात ठेवला. विक्रेता काहीतरी बोलणार होता, त्याला मी डोळ्यांनीच गप्प केलं. ती कला मला चांगली येते.

कंदील अर्थातच हलला नाही. नवऱ्याने वैतागून टोपडं काढलं.

"दुखलं का?" मी विचारलं.

"कधी?"

विक्रेत्याला मी सांगितलं, हेच बांधून द्या. त्याने वॉरंटी समजावून सांगायला घेतली. म्हटलं, ती बसमध्ये वाचीन. जवळच कोथिंबीर वडी आणि पीयूष घेतलं, मग घोडबंदरमार्गे ठाण्याची बस, तिथून रिक्षाने घरी. खोका नवऱ्याने पूर्ण रस्ताभर मांडीवर धरला होता.

घरी

घेणाऱ्यांसाठी थोडं. आधी डॉक्टरांना विचारा. टीपॉय हलवा, यंत्र जमिनीवर सुरक्षित रेघ आखू देतं, पण पंख्याची काळजी ते घेत नाही. घामाचं कापड रोज पुसा. एका वेळी पाव तास पुरे. आणि खिडकीचा पडदा ओढा, नाहीतर समोरच्या वहिनी विचारतात, "काकांना काय झालंय हो? हवेत हात मारतात?" मी सांगितलं, माशा.

फळं तोडायचा खेळ त्याला पोरकट वाटला. शेवटी कंदील टांगायचा एक खेळ सापडला, तो मात्र रोज चालू झाला. तरी बाळाला फोन करायचं तो नाव काढेना. यंत्रातलं खरं नाही म्हणे. नारळाला वजन नाही, दोऱ्याला पीळ नाही. भिंतीवर डोळे उघडे ठेवून हात चढवला की तो अजूनही खांद्याशी अडायचा, आणि नवरा परत गच्चीवर.

श्रावणात एका दुपारी मी हॉलमधली कपडे वाळवायची दांडी दोरीने खाली घेत होते. कुकरची शिट्टी झाली, दोरी तशीच अर्ध्यावर खिळ्याला अडकवली आणि आत गेले. बाहेर येते तर नवरा टोपडं घालून दांडीखाली उभा, दोन्ही हात डोक्याच्या वर, बोटं भराभर चाललेली.

"सुमन, आज दोरा लागतोय बरं का हाताला," तो म्हणाला. "सुधारलं यांनी यंत्र."

दोरा म्हणजे दांडीवर वाळत घातलेल्या त्याच्या पायजम्याची नाडी. दुसरा दोरा म्हणजे माझ्या परकराची. दोन्ही दांडीवरून लोंबत होत्या आणि त्याने त्या एकमेकींना बांधून, पीळ देऊन, वर दुसरी गाठ मारत आणली होती. गाठ पूर्ण झाली, त्याने ओढून बघितली, मग टोपडं काढलं आणि वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. हात अजून वरच होते.

"हे मी बांधलं?"

"मी कशाला माझा परकर तुमच्या पायजम्याला बांधू?"

त्याने हळूच हात खाली घेतले. मग डोळे उघडे ठेवून, माझ्यासमोर, परत वर नेले. गाठीपर्यंत. ओठ आवळले, दुखलं असणार, पण "आई गं" आलं नाही. मग त्याने फोन लावला.

"बाळ्या, प्लास्टिकची घेतलीस काय? परत कर. आणि कवंडळं आधी तोडू नको, मी इल्यावर बघून तोडुया."

टोपडं आता कपाटात आहे, थंडीत खांदा कुरकुरला की काढू. गणपतीत माटवी बांधून झाली. डावीकडचा एक नारळ बाळाने बांधला होता, तो रात्री कोणीतरी सोडून परत बांधला. इकडे मुलुंडला परकर-पायजम्याची गाठ मात्र आजपर्यंत सुटलेली नाही. मी नाड्या कापल्या आणि नव्या ओवल्या. गाठ टाकायला गेले तर नवरा म्हणाला, राहू दे. ठेवली आहे, वॉरंटी कार्डाबरोबर.