आकतोशचं भुंकणं आणि माझ्या सासूचा हात

माझ्या सासूने आयुष्यात कुणाला विनाकारण मारलं नाही. तिला कारण सापडायचंच. घोडं अडलं, मार. पोराने दूध सांडलं, मार. नवरा पिऊन आला, त्याच्याही पाठीवर चाबूक. आणि नव्या सुनेने पाहुण्याची चहाची वाटी काठोकाठ भरली, म्हणजे आमच्या रीतीने त्याला 'ऊठ आता' म्हटलं, की तिच्या बोटांवर लाकडी पळी. ती सून मी. थंडीत माझी बोटं अजून ठणकतात, तेव्हा मी काही हे गोडीगोडीत सांगणार नाही.

तिचं नाव सायलकान. आमच्यात सुनेने सासूचं नाव घ्यायचं नसतं. पण आज ती माहेरी गेली आहे, तेवढ्यात घेऊन टाकते.

तिचा जन्म डोंगरावर मेंढ्यांमागे गेला. एकदा लांडग्याने मेंढी धरली, तर हिने तंबूचा खांब उपसला आणि त्याचं कंबरडं मोडलं. तो मेला तरी ही मारतच होती. सासरे सांगायचे, मला तेव्हा लांडग्याची नाही, हिची भीती वाटली. पुढे सासरे वारले, मेंढ्या गेल्या, आणि माझ्या नवऱ्याने, तालायने, तिला बिश्केक शहराच्या कडेला आमच्या घरी आणलं. तिने सोबत आणला आकतोश. पांढऱ्या छातीचा, वासराएवढा, लांडग्याच्या दातात सापडू नयेत म्हणून पिल्लू असतानाच कान कापलेला राखणदार कुत्रा. तिच्या डोंगरातलं तेवढंच उरलं होतं, आणि त्याला काही झालं असतं तर ती इथे एक दिवस राहिली नसती.

तालायने त्याला फाटकाशी साखळीने बांधला. गल्लीतून माणूस गेला की भुंक. सायकल गेली, भुंक. कागद उडाला, भुंक. आणि तो भुंकला की खिडकीतून सासू गरजायची, "आयताक! आयताक!" म्हणजे धर त्याला, शाबास. वर खिशातला कुरुत, तो सुकवलेल्या दह्याचा गोळा, त्याच्यापुढे टाकायची. डोंगरात कुत्रं असंच वाढवतात. ते भुंकलं आणि तंबूतून कुणी हाक दिली नाही, तर लांडग्याला कळतं की माणसं बेसावध आहेत, आणि कुत्र्याचाही धीर सुटतो. म्हणून हाक द्यायची आणि तोंडात काहीतरी टाकायचं. इथे लांडगे कुठले? इथे शेजारी मेलिस होता.

मेलिस वीजघरात रात्रपाळीला कोळसा ओढायचा आणि दिवसा झोपायचा. झोपायचा कसला, कूस बदलायचा. पहिल्यांदा तो टोपी हातात घेऊन आला. मोठ्या बाईला आमच्यात आपा म्हणतात, आई म्हणावं तसं.

"आपा, कुत्र्याला जरा आवरा. डोळ्याला डोळा लागत नाही माझ्या."

"भुंकायला नाही तर काय गाणी म्हणायला पाळलाय?" सासू म्हणाली. "आणि दिवसा कोण झोपतं रे? आजारी नाहीतर आळशी. तू कोण?"

दुसऱ्यांदा तो आला नाही, त्याचा दगड आला. मग वीट आली. विटेने आकतोशचा सुळा मोडला, छाती रक्ताने लाल झाली. तेव्हापासून मेलिस नुसता खोकला तरी कुत्रा साखळी तोडायला बघायचा. रोजच्या कटकटीला कंटाळून तालाय आईला म्हणाला, "आई, याला गप्प कर, नाहीतर मी विकून टाकतो." तिला गप्प करायची एकच रीत ठाऊक. साखळीच्या टोकाने तिने त्याला असा झोडपला की तो जमिनीला चिकटला. तरी भुंकला, तेव्हा तिने त्याचं तोंड दोरीने आवळून बांधलं. भर उन्हात कुत्र्याला धापा टाकताही येईना. तो आडवा झाला, डोळे पांढरे केले. मी मांस कापायची सुरी आणून दोरी कापली, तर माझ्या कानशिलात बसली. भुंकणं काही थांबलं नाही. मार खाल्लेलं कुत्रं घाबरतं आणि घाबरलेलं जास्त भुंकतं. मला हे कुणी शिकवावं लागलं नाही, मी त्याच घरात मार खात होते.

मग एका दुपारी मेलिसने भिंतीवरून उकळत्या पाण्याची किटली ओतली. आकतोश जे किंचाळला ते ऐकून मी हातातली परात टाकली. पाठीची कातडी केसांसकट सोलून निघाली होती. सासू चाबूक घेऊन अनवाणी त्याच्या अंगणात शिरली आणि एक शब्द न बोलता त्याच्या तोंडावर ओढला. गाल डोळ्याखालपासून हनुवटीपर्यंत उघडा पडला. त्याने तिला ढकललं. ती दगडी पायरीवर पडली आणि मनगट मोडल्याचा आवाज मला भिंतीच्या अलीकडे ऐकू आला.

"म्हातारे," मेलिस रक्त पुसत म्हणाला, "महिनाअखेरीला पालिकेची कुत्री मारणारी गाडी येते. तुझ्या कुत्र्याला तुझ्या डोळ्यांदेखत गोळी घालायला लावतो. चावलं म्हणून सांगतो, गाल आहेच दाखवायला."

सासूचा हात प्लास्टर घालून गळ्यात बांधला गेला. आकतोशची जखम धुवायला चोल्पोन आली. ती जनावरांची डॉक्टर, वयाने माझ्याएवढी. फाटकावरून पोरं गेली, आकतोश सोललेल्या पाठीने उठून भुंकला, आणि खिडकीतून सासू, सवयीने, "आयताक!"

चोल्पोनने हातातला बोळा खाली ठेवला. "याला भुंकायला कोण शिकवतंय ते दिसलं. आपा, तो भुंकतो, तुम्ही पगार देता. मग तो नोकरी सोडेल कशाला?"

"तुझ्या आईला दात आले नव्हते तेव्हापासून मी कुत्री पाळते."

"मेंढ्या होत्या तेव्हा. आता त्याच्यापुढे मेंढ्या नाहीत, रस्ता आहे. त्याला मागे घ्या, रस्ता दिसणार नाही असा. साखळी काढा, फिरता येईल अशी लांब तार लावा. रोज सकाळी लांबवर चालवून आणा, नाक चालू द्या. तो भुंकला तर हाक नाही, शिवी नाही, काठी तर नाहीच. गप्प झाला की हळूच द्या काय द्यायचं ते."

सासू थुंकली. पण मागच्या अंगणात तार मीच ओढली. कालव्यापर्यंत चालवायलाही मीच नेऊ लागले. पहिल्या दिवशी त्याने मला कालव्यात ओढली, लोक हसले. हसोत. कुत्रं काही अवघड नव्हतं, अवघड होती ती म्हातारी. आकतोश मागे एकदा भुंकून थांबायचा, मान वर करून बघायचा, आणि मी खिशात हात घालते तोवर घरातून "आयताक!" सगळं मुसळ केरात.

शेवटी मी तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "आपा, गप्प बसा."

सुनेने. सासूला. तिने प्लास्टरचा हातच माझ्या खांद्यावर हाणला आणि स्वतःच कळवळून खाली बसली. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी मी हटले नाही. "मारा आणखी. पण तो मेला तर गोळी मेलिसची नसेल, आपा. तुमची असेल."

तिने मोडका हात मांडीवर घेतला. मग म्हणाली, "शिव्या देते आहेस की शिकवते आहेस?"

"दोन्ही."

दुसऱ्या दिवसापासून आकतोश भुंकला की ती डोक्याचा रुमाल दातांत धरायची. मानेच्या शिरा तट्ट फुगायच्या, डोळ्यांत पाणी यायचं. तो गप्प झाला की ती स्वतः उठायची, वाकायची, आणि तळहातावर कुरुत धरायची. आयुष्यात तिने जनावराला हातावर खाऊ घातलं नव्हतं. आधी तो तिच्या हाताला भ्यायचा, पोट जमिनीला लावून सरपटत यायचा. ते बघून ती एकदा मला म्हणाली, "केलिन, मी काय लांडगा आहे का गं?" केलिन म्हणजे सून. मी कुरुताची पिशवी तिच्यापुढे सरकवली.

महिनाअखेरीला गाडी आली. गल्लीच्या तोंडाशी पहिला बार झाला, मग दुसरा. कचऱ्यापाशी राहणारी पिवळी कुत्री मागचे पाय ओढत आमच्या फाटकापर्यंत आली आणि तिथे तिला तिसरा बसला. एकाने तिला शेपटीने धरून गाडीत भिरकावलं. मेलिस पुढे झाला, गालावरच्या व्रणावर बोट ठेवलं. "आत आहे. चावरं आहे. हे बघा."

बंदूकवाला सरळ मागच्या अंगणात आला, मेलिस त्याच्या मागोमाग. सासू तारेपाशी उभी होती, मी तिच्या मागे. "बघू, धावून येतं का," म्हणत त्याने बंदुकीची नळी पत्र्यावर दाणकन आपटली आणि मग आकतोशवर रोखली. कुत्रा थरथर कापत होता. वास त्या पिवळीच्या रक्ताचा होता, समोर तोच मेलिस होता. त्याने मान वळवून सासूकडे पाहिलं. तिच्या तोंडात रुमाल नव्हता. तिने ओठ मिटले, मोडका हात छातीशी धरला आणि नुसतं त्याच्याकडे बघत राहिली. आकतोश खाली बसला.

"हा चावला तुला?" बंदूकवाल्याने विचारलं.

मेलिस काही बोलायच्या आत सासू बोलली, इतक्या हळू की मला वाटलं दुसरंच कुणी बोललं. "तो व्रण चाबकाचा आहे. मी मारलं त्याला."

बंदूकवाल्याने मेलिसला एक घाण शिवी हासडली आणि निघून गेला. गाडी पुढच्या गल्लीत गेली, तिथले बार ऐकू येत होते. मेलिस तिथेच उभा. सासूने घरातून चाबूक आणला आणि त्याच्या हातात दिला.

"मार. तेवढंच मार. फिटंफाट होऊ दे."

त्याने चाबूक धरला, हातही उचलला. मग तो खाली बसला आणि एवढा मोठा बाप्या ढसाढसा रडायला लागला. "मला फक्त झोप पाहिजे होती, आपा. हाडं दुखतात माझी. फक्त झोप."

तिने चांगला हात पुढे केला. मी घाबरले, पण तो हात त्याच्या गालावरच्या व्रणावर जाऊन टेकला.

"जा, झोप मग," ती म्हणाली. "आता कुणी भुंकणार नाही. मीसुद्धा नाही."