माझा पंप, आईची मिश्री

मला देवाचा अनुभव आला, असं म्हणताना माझी जीभ अडखळते. कीर्तनात ऐकलेल्या गोष्टींत कुणाला स्वप्नात दृष्टांत होतो, कुणाची बुडती नाव तीराला लागते. माझ्या बाबतीत असं काही झालं नाही. माझ्या हातात एक वस्तू होती, ती सुटत नव्हती आणि ती सुटली, एवढंच. पण ती कशी सुटली हे आठवलं की हात आपोआप जोडले जातात. म्हणून भीत भीत लिहितो आहे.

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिला. आई गावातल्या शाळेत मुलांची खिचडी शिजवते, वडील हंगामात कापसाच्या जिनिंगवर जातात. मी बीडला कॉलेजात आलो तेव्हा वर्गातली मुलं सरांना इंग्रजीतून शंका विचारायची आणि मी मागच्या बाकावर वहीत मान घालून बसायचो. माझ्या खोलीत राहणारा अक्षय मनानं चांगला मुलगा. त्याच्याकडे पेनापेक्षा थोडी जाड, चपटी अशी एक नळी होती. ओढली की तिचा निळा दिवा लागायचा आणि पिकलेल्या आंब्याचा वास सुटायचा. त्याला वेप म्हणतात, हे मला त्यानंच सांगितलं. "सिगारेट न्हाई बे ही, नुसती वाफ हाय. सर्दी झाल्यावर घेतो तसली," असं तो म्हणाला. मला ते खरं वाटून घ्यायचं होतं, म्हणून वाटलं. ती नळी हातात असली की चार मुलांत उभं राहता येत होतं, आणि माझ्यासारख्याला तेच फार होतं.

पुढे मला स्वतःची नळी लागली. विकायला बंदी आहे म्हणतात, पण मिळवणाऱ्याला मिळते. हळूहळू अशी गत झाली की तास संपायच्या आधीच हात खिशाकडे जायचा. सर फळ्यावर काय लिहीत आहेत ते दिसायचं, पण आत उतरायचं नाही. ती मिळाली नाही की जबडा आवळायचा, विनाकारण राग यायचा, छातीत काहीतरी उकरल्यासारखं वाटायचं. एकदा बीडच्या कंकालेश्वराच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसून मी शपथ घेतली आणि परत येताना वाटेतच ती मोडली. दुसऱ्यांदा नळी नाल्यात फेकली आणि दुसऱ्या दिवशी नवी आणली. देवाला माझ्या शब्दाची किंमत उरली नसेल, असं वाटून मी देवळात जाणंच बंद केलं. मन घट्ट करायचं म्हणतात, पण माझं मन घट्ट होतच नव्हतं आणि त्याची मला लाज वाटत होती.

उन्हाळ्याच्या सुटीत गावी गेलो असताना धुण्याला टाकलेल्या पँटच्या खिशातून आईला ती नळी सापडली. तिनं ती उलटसुलट करून पाहिली, वास घेतला आणि तिचा चेहरा उतरला. आमच्या शेजारच्या आप्पांना जुना दमा आहे. ते तोंडाला लावून औषध ओढतात, त्याला गावात सगळे पंप म्हणतात. आईनं हलक्या आवाजात विचारलं, "पंप हाय का रं हा? आप्पाचा असतोय तसला?"

मी म्हणालो, "हं."

तेवढंच. एक अक्षर. आईनं पदरानं नळी पुसली आणि माझ्या हातात दिली. "औषधाला आंब्याचा वास लावलाय. बरं हाय. आप्पाचं लई कडू असतंय," असं ती म्हणाली आणि पाठ फिरवून चुलीकडे गेली. तिची पाठ हलत होती. आमच्याकडे एक समज आहे की, पंप एकदा लागला की जन्मभर सुटत नाही. डॉक्टर तसं म्हणत नाहीत, पण आईला कोण समजावणार? आणि समजावायला मला तोंड कुठं होतं?

त्या दिवसापासून माझं पथ्य सुरू झालं. आई आप्पांच्या घरी जाऊन विचारून आली आणि माझं दही बंद झालं, केळी बंद झाली, भातही संध्याकाळी मिळेना. मी मुकाट्यानं जेवायचो. आईचाही स्वभाव त्या दिवसांत बदलला. जरा भांडं वाजलं की ती खेकसायची. कपाळाला फडकं बांधून बसायची. वडील थट्टेनं म्हणायचे, "तुझ्या आईच्या अंगात आलंय वाटतं." मला वाटायचं, ऊन लागलं असेल.

कॉलेज सुरू झाल्यावर श्रावणातल्या एका सोमवारी मी गावी आलो असताना आईनं मला कपिलधारला नेलं. तिथल्या स्वामींच्या समाधीवर तिची लहानपणापासून श्रद्धा. मांजरसुंब्याला बसमधून उतरून आम्ही चालत निघालो. डोंगर हिरवा झाला होता, दरीतून धबधब्याचा आवाज येत होता आणि माझ्या शर्टाच्या खिशात नळी होती. दर्शन झालं की खडकांच्या आड जाऊन दोन झुरके मारायचे, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. देवाच्या दारात मी त्याच्यासाठी आलो नव्हतो, हे आज लिहितानाही बरं वाटत नाही.

दर्शनाची रांग लांब होती. आमच्या पुढे एक म्हातारी बाई उभी होती. दात काळे, कपाळावर भस्माचे पट्टे. ती वळून आईला म्हणाली, "बाई, मिश्री हाय का गं चिमूटभर? माझी डबी घरीच ऱ्हायली बघ."

मिश्री म्हणजे तव्यावर जाळलेल्या तंबाखूची पूड. आमच्याकडच्या कितीतरी बायका ती दातांना लावतात. आईची तर उठल्याबरोबर पहिली मिश्री, मग चहा. तिच्या कमरेच्या पिशवीत ती डबी कायम असायची.

आई म्हणाली, "न्हाई मावशी. सोडलीय म्या."

"आगं बया! कावून?"

"नवस बोललेय. लेकराला दम्याचा पंप लागलाय."

म्हातारीनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ह्याला? चांगला तर दिसतोय मुडदा." मग आईच्या हातावर हात ठेवून तिनं विचारलं, "सुटती का गं पर? म्या तर सासू मेली तरी सोडली न्हाई."

आई हसली. "सुटत न्हाई मावशी. रोज येती. पर दारात कुणी मागायला आलं अन् घरात दळण नसलं की आपण काय म्हनतो? शिव्या देत न्हाई. भांडत न्हाई. पुढं हो माय, म्हनतो. तसंच म्हनायचं तिला. हुबी ऱ्हाती जराशी, अन् जाती."

मी रांगेत तिच्या मागेच उभा होतो. तिचं डोकं का दुखत होतं, ती का खेकसत होती, हे मला त्या क्षणी कळलं. जी तडफड मी बीडच्या खोलीत भोगत होतो तीच आई चुलीपुढे भोगत होती, आणि तीही माझ्या एका "हं" पायी. मला नसलेला आजार बरा व्हावा म्हणून. मग मनात दुसरी भीती शिरली. जो रोगच नाही, तो देव बरा कसा करणार? आईचा नवस मी पोकळ करून ठेवला होता, आणि तो फिटेपर्यंत ती मिश्रीला शिवणार नव्हती. समाधीपुढे तिनं डोकं टेकलं तेव्हा मला मान वर करता आली नाही. काय मागावं तेही कळेना. मी नुसता म्हणालो, माझ्यानं होत नाही, आता तुम्ही बघा.

बाहेर आल्यावर आईनं माझा दंड धरला. "चल, धारेखाली हुबा ऱ्हा. हितलं पाणी छातीला चांगलं असतंय." मी मागे सरलो, पण ती ऐकायला तयार नव्हती. तिनं मला ढकललंच. पाणी असं कोसळलं की श्वास कोंडला. बाहेर आलो तेव्हा खिशातून पाणी गळत होतं. नळी काढून पाहिली. ओढली तर नुसती गुळगुळ झाली. निळा दिवा दोनदा मिणमिणला आणि विझला.

मला रडू यावं की हसू, ते कळेना. पण आईचा चेहरा पांढरा पडला. "आगं बाई, माझ्या हातानं औषध भिजलं की!" तिनं नळी माझ्याकडून घेतली, पदरानं पुसली, तोंडानं फुंकर घातली आणि खडकावर उन्हाचा एक तुकडा पडला होता तिथं वाळत ठेवली. स्वतः शेजारी बसली आणि ढग आला की वर बघायला लागली. माझी आई माझं व्यसन उन्हात वाळवत होती. असं दृश्य देवानं कुणाला दाखवू नये, आणि मला दाखवलं हे त्याचे उपकार.

"बीडात मेडिकलमधी दुसरा घिऊ," ती म्हणाली.

"नको आई. मी याच्यावाचून राहून बघतो."

"दम लागला तर?"

"लागू दे."

 तिनं समाधीवरून आणलेला अंगारा माझ्या छातीला लावला.

पुढचे दिवस सोपे होते असं मी म्हणणार नाही. खोलीत आंब्याचा वास तसाच होता. मी बडीशेप चघळायचो, पाणी प्यायचो, गच्चीवर फेऱ्या मारायचो. अक्षय म्हणायचा, "साधू झाला का बे?" प्रॅक्टिकलच्या आदल्या दुपारी मात्र मी हरलो. वाचलेलं डोक्यात काहीच राहत नव्हतं. अक्षयनं त्याची नळी पुढे केली. "एक मार. एकानं काय व्हतंय?" मी घेतली. ओठांपर्यंत नेली आणि फोन वाजला. आईचा होता.

मला वाटलं, ती तब्येत विचारेल. ती म्हणाली, "कामात हाईस का? जरा बोल रं माझ्यासंग. आज लई तलप आलीय. शाळेतल्या बाईनं डबी पुढं केली अन् म्या हात लांबवला. तसाच मागं घेतला अन् तुला फोन लावला."

माझ्या एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात नळी होती. कसाबसा म्हणालो, "पुढं हो म्हण आई."

"म्हनले की. जाईना."

"परत म्हण. मी पण म्हणतो तुझ्याबरोबर."

आम्ही दोघं फोनवर ते म्हणालो. मग आईनं खिचडी खाली लागल्याची गोष्ट सांगितली, कुठल्या पोरानं चौथ्यांदा ताट पुढं केलं ते सांगितलं. बोलता बोलता ती म्हणाली, "गेली बघ." आणि मला जाणवलं की माझीही गेली होती. अक्षयची नळी मी त्याच्या गादीवर ठेवली. त्यानं उचलली नाही. तोही ऐकत होता बहुतेक. याला योगायोग म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. मला एवढंच माहीत आहे की, मदत मला येऊन मिळाली आणि ती स्वतःच मदत मागत आली.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा आईनं माझे खिसे स्वतः तपासले. सगळ्या गल्लीला सांगून आली, पोराचा पंप सुटला. आणि कार्तिकात आम्ही नवस फेडायला परत कपिलधारला गेलो. आता मात्र मला गप्प राहवेना. खोट्या आजाराचा नारळ समाधीपुढे कसा फोडायचा? पायऱ्या उतरता उतरता मी थांबलो आणि म्हणालो, "आई, मला दमा नव्हताच. तो पंप नव्हता. तुझ्या मिश्रीसारखंच होतं ते. तंबाखूचाच प्रकार."

आई एक पायरी खाली उभी होती. हातात नारळ होता, आणि तो माझ्याच डोक्यात बसतो की काय असं मला वाटलं. "म्या आप्पाच्या घरी जाऊन पथ्य इचारून आले!" ती ओरडली. आजूबाजूचे लोक बघायला लागले. "तुजं दही बंद केलं! सगळ्या गल्लीनं तुला निरगुडीचा पाला आणून दिला, मुडद्या!" मग तिचा आवाज बसला. पदर तोंडाला लावून ती पायरीवर बसली. मी तिच्या पायाशी बसलो.

मी विचारलं, "तुझा नवस खोटा झाला का गं?"

तिनं डोळे पुसले. "खोटा कावून? दमा बरा होऊ दे, असं म्हनले होते का म्या? दमा काय, म्हाताऱ्याकोताऱ्यांना असतोय, माणूस जगतंय त्याच्यासंग. म्या म्हनले होते, माझ्या लेकराच्या हातातला पंप सुटू दे." ती उठली. "सुटला का न्हाई?"

"सुटला."

"मंग फोड नारळ."

मी नारळ फोडला. आईनं खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि अजूनही रागातच म्हणाली, "अन् आता दही खात जा."

मी शपथा घेत होतो तेव्हा नेमकं काय मागावं हे मला कधी कळलं नाही. मी घट्ट मन मागायचो, धैर्य मागायचो. आईला तर त्या वस्तूचं नावही ठाऊक नव्हतं, पण जे सुटायला हवं होतं तेच नेमकं तिनं मागितलं. तो शब्द तिच्या तोंडी कुणी घातला, हे मी ठरवायला जात नाही. आपलं हरणं कुणाच्या तरी पायाशी ठेवता येतं, एवढं मी शिकलो. त्याआधीच आपल्यासाठी कुणी तरी स्वतःची तलप मारून उभं असतं, हेही.

आईचा नवस फिटला. ती आता मिश्री लावू शकते. डबी चुलीजवळच्या कोनाड्यात आहे. कधी तिची नजर तिकडे जाते, मी पाहतो. मलाही आंब्याचा वास आला की आत काहीतरी जागं होतं. तेव्हा आम्ही तलपेला शिव्या देत नाही. ती दारात उभी राहते, आम्ही तिला पुढं हो म्हणतो, आणि ती जाते.