मास्तरांच्या ओझ्यातलं पातेलं

शाळा सुटली की केशव मास्तर पाठीवर वाळू घेऊन फिरायला निघत. दिवेआगरच्या समुद्रकाठच्या पुळणीवर त्यांना न ओळखणारं कुणी नव्हतं, तरी ते दिसले की बायका हातातलं काम थांबवून बघत राहायच्या. शिडाच्या जाड कापडाची पिशवी, तिला काथ्याचे दोन पट्टे, पट्ट्यांखाली खांदे सोलू नयेत म्हणून जुन्या धोतराच्या घड्या आणि आत ओली वाळू. एकदा मासळी वाळत घालणाऱ्या एका कोळणीने त्यांना हटकलं, "मास्तर, शालंत पोरं हाकून दमलात, आता सोताच बैल झालात व्हय?"

"बैलाला गाडी ओढावी लागते बाई, मला नाही," असं म्हणत मास्तर न थांबता पुढे गेले.

माझी त्यांची ओळख तराजूमुळे झाली. मी लहानपणी लोकांच्या वाड्यांत सुपारी सोलून वाढलो आणि तेव्हा नुकताच स्वतःच्या हिमतीवर सुपारीचा व्यापार मांडला होता. मास्तर वखारीत आले आणि म्हणाले, "तराजू हवा होता. ओझं तोलायचंय."

"कसलं ओझं?"

"माझं."

मग तिथेच गोणीवर बसून त्यांनी बेत सांगितला. माणगावहून पायी रायगड, तिथून लिंगाण्याजवळच्या नाळेच्या अरुंद घळीतून घाट चढायचा, मग तोरणा, राजगड, सिंहगड करत पुणं गाठायचं. आठवडाभराची चाल. "आपल्या संस्थानातून निघायचं, इंग्रजांचा मुलूख ओलांडायचा, भोरकरांच्या राज्यात चढायचं आणि परत इंग्रजांकडे उतरायचं. गाडी नाही, हमाल नाही. जे लागेल ते पाठीवर."

"आणि मिळणार काय?" मी विचारलं.

"काही नाही. डोंगरांची ही रांग मी इतकी वर्षं फळ्यावर काढतोय. एकदा तिच्यावरून चालायचंय. येतोस?"

मला तोवर कुणी कामाशिवाय कुठे बोलावलं नव्हतं. मी लगेच हो म्हणालो. भाव न करता दिलेला माझा तो पहिला होकार असेल.

त्यानंतर दर रविवारी त्यांच्या पडवीत बैठक. काय न्यायचं आणि काय नाही, यावर आमची अशी घासाघीस चाले की रस्त्यावरचे लोक थांबत. मला अडकित्ता हवा होता, पितळी तांब्या हवा होता, दुसरी घोंगडी हवी होती. मी आवाज चढवला की मास्तर शांतपणे म्हणत, "मला काय विचारतोस? पाठीला विचार." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शाळेत एखादा मुलगा गणित सोडून रडायला लागला, तरी ते त्याला हेच सांगत म्हणे. अडकित्त्यावर मात्र मी हटलो नाही. शेवटी मास्तरांनी स्वतःचा आरसा काढून ठेवला आणि म्हणाले, "घे. आठवडाभर माझं तोंड तू बघ आणि मला सांग कसं दिसतंय ते."

ओझ्याची वाटणी करण्याची त्यांची एक रीत होती. तांदूळ, गूळ आणि पोहे माझ्या पिशवीत. पातेलं, काड्यांची पेटी आणि दोर त्यांच्या पिशवीत. "म्हणजे दोघांपैकी कुणी रुसून पुढे गेला, तर उपाशी राहील," ते म्हणत. हे सांगताना माझ्या रागीट स्वभावाकडे त्यांचा रोख असे, आणि ते मला कळत असे.

त्या पातेल्यावरून गावात बोलणी झाली. मास्तर ब्राह्मण, माझ्या जातीचा माणूस त्यांच्या घरी पडवीपर्यंतच जायचा, आणि आम्ही एका पातेल्यात भात शिजवणार. कुणीतरी तोंडावर विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "डोंगरात दोन चुलींची लाकडं कोण गोळा करणार? तुम्ही येता का?" माझ्या सुकटीबद्दल त्यांचा निवाडा वेगळा होता. "ती तू निखाऱ्यावर भाज आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला बस. भात मात्र दोघांचा." ते पातेलं स्वयंपाकघरात कधी गेलं नाही. मास्तरांच्या बायकोने, वहिनींनी, ते पडवीतल्या खुंटीला लावून ठेवलं होतं. आमच्या बैठकीत ते आमच्या डोक्यावरच असे.

पहिल्या वर्षी दिवाळीत त्यांना रजा मिळाली नाही. पुढच्या वर्षी मिठाचा सत्याग्रह पेटला. संस्थानच्या शाळेतला मास्तर पाठीला पिशवी लावून इंग्रजांच्या मुलखात हिंडताना दिसला, तर नोकरी जाईल असं त्यांना कुणीतरी सांगितलं. त्याच्या पुढच्या वर्षी त्यांची आई गेली. मी व्यापारी माणूस. बोलणी झाली की माल उचलायचा, एवढंच मला कळतं. मी चिडून म्हणालो, "मास्तर, नुसतं झुलवताय मला."

"पुढच्या दिवाळीला नक्की," ते म्हणाले. "रांग कुठे पळून जात नाही."

त्या पुढच्या वर्षी पावसाळा सरल्यावर त्यांचं वाळू घेऊन चालणं कमी झालं. पूर्वी पुळणीच्या टोकापर्यंत जाणारे मास्तर केवड्याच्या बनापासूनच मागे फिरायला लागले. मी विचारलं, तर म्हणाले, "पाय राखून ठेवतोय." मला ते पटलं. चांगला मालही कुणी बाजाराआधी उघडून ठेवत नाही.

दिवाळीच्या तोंडावर शेवटची बांधाबांध झाली. मी माझी पिशवी उचलली आणि खाली ठेवली. दोन्ही पिशव्या वखारीत नेऊन तोलल्या. माझं पारडं जमिनीला टेकलं. उघडून बघतो, तर तांदळाच्या वर पातेलं, पेटी, दोर, सगळं माझ्यात. त्यांच्या पिशवीत एक घोंगडी आणि धोतर.

मी तसाच दोन्ही पिशव्या घेऊन त्यांच्या पडवीत गेलो. "हा कुठला न्याय? मी काय हमाल आहे तुमचा?"

"यंदा तुझ्याकडे जास्त राहू दे, रामा."

"का?"

"पाठीला विचार."

"माझी पाठ म्हणते, फसवणूक आहे."

मी पातेलं, पेटी आणि दोर त्यांच्या पिशवीत परत कोंबले. बसल्याजागी त्यांना धाप लागली होती. म्हणाले, "भांडून दम लागतो रे तुझ्याशी." आणि हसले.

निघायच्या दोन दिवस आधी ते गेले. छातीचं दुखणं उन्हाळ्यापासूनच होतं. श्रीवर्धनच्या डॉक्टरने जिना चढायलाही मनाई केली होती. हे घरात ठाऊक होतं, मला नव्हतं.

त्यांचे दिवस झाल्यावर मी भेटायला गेलो. वहिनी माजघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पातेलं, पेटी आणि दोर आणून पडवीत माझ्यासमोर ठेवले.

"हे तुमच्या ओझ्यातलं. ते म्हणाले होते, तो हे माझ्या पिशवीत परत टाकील, तू पुन्हा त्याच्यात भर. तुम्ही एकटे गेलात तर वाटेत काही अडायला नको, म्हणून त्यांनी सगळं तुमच्यात घातलं होतं."

मला रागच आला, आणि तो अजून गेलेला नाही. मी एकटा जाणार, हे त्यांनी कुणाला विचारून ठरवलं? बोलणी दोघांची झाली होती. दुखणं मला सांगितलं असतं, तर मी त्यांना रायगडापर्यंत गाडीत घालून नेलं असतं. गडाच्या पायथ्याशी चूल मांडून, एक भात शिजवून परत आलो असतो. आमची रांग तेवढीच झाली असती. आयुष्यभर लोकांशी भाव केला, पण या माणसाने मला भाव करायची संधीच दिली नाही.

"तुम्ही जा, रामभाऊ," वहिनी म्हणाल्या. "त्यांना बरं वाटेल."

"तांदूळ माझ्याकडे, पातेलं त्यांच्याकडे," मी म्हणालो. "ठरलं होतं तसंच राहू दे."

वहिनींनी पातेलं उचललं, पदराने पुसलं आणि पुन्हा पडवीतल्या खुंटीला लावलं.

सुपारीच्या कामाने मी अजून माणगावला जातो. आकाश मोकळं असलं की बाजारातून डोंगराची रांग स्वच्छ दिसते. मी तिच्याकडे पाठ करून मालाचा भाव ठरवतो.