रेंजचं हळदीकुंकू

ज्ञानदा टिळेकर रायस्वाइकमध्ये ब्लाउज शिवते. नवऱ्याच्या नोकरीमागून या परदेशी गावात आली तेव्हा नगरपालिकेच्या फॉर्मवर ‘व्यवसाय’ या रकान्यात तिनं एक रेघ मारली होती. आज आठ वर्षांनी तिच्याकडे दोन मशिनं आहेत, एक कापायचं टेबल आहे आणि एका जुन्या ऑफिसच्या तळघरात भाड्याची खोली आहे. खोली स्वस्त, कोरडी, उजेडाची. खोट एकच. तिथे फोन मरतो.

वायफायची तार खाली आणायला घरमालक तयार नाही आणि ज्ञानदाचा धंदा सगळा व्हिडिओ कॉलवर. कुठली तरी गिऱ्हाईक बाई दूर हूफडॉर्पमध्ये टेप घेऊन पाठमोरी वळायला लागते आणि अर्ध्यावरच पुतळा होते. मग ज्ञानदा जिना चढून रस्त्यावर, वाऱ्यात, वहीची पानं दातात धरून मापं लिहिते.

त्यात जयंतीताईंचा फोन आला. टिलबर्गच्या त्यांच्या नाचाच्या गटाला पाडव्याच्या कार्यक्रमासाठी नऊवारीवरचे अकरा ब्लाउज हवे होते.

“शनिवारी सगळ्या जमतोय. एका बैठकीत मापं घ्या,” जयंतीताई म्हणाल्या. “मागच्या वेळेसारखा फोन तुटत राहिला तर मात्र मी दुसरीकडे जाईन हं. राग मानू नका.”

अकरा ब्लाउज म्हणजे ज्ञानदाची आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर. पुष्करनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, लगेच लॅपटॉप उघडला आणि सात रंगांचा तक्ता केला.

“इथे टॉवर तीनच कंपन्यांचे. बाकीच्या त्यांच्याकडूनच उसनी रेंज घेतात. बिझनेसचा करार दोन वर्षांचा, तेव्हा नीट विचार कर. आणि हा रेंजचा नकाशा बघ, तिघींचंही रायस्वाइक पूर्ण हिरवं!”

“त्यात माझं तळघर दाखव.”

“तळघर कसं दिसेल?”

“मग मिटव तो हिरवा पाला.”

ज्ञानदानं ठरवलं, तिन्ही कंपन्यांचे फोन तळघरात प्रत्यक्ष लावूनच बघायचे. पहिली कंपनी तिची स्वतःची, ती नापास झालेलीच होती. दुसरीचा फोन श्रुतीकडे, ती हाकेसरशी येणारी मैत्रीण. आणि तिसरीचा? ओळखीच्या सगळ्या बायकांना विचारून झालं, तेव्हा नाव निघालं शर्मिलाचं.

शर्मिलाशी ज्ञानदाचं दिवाळीपासून बोलणं बंद होतं. शर्मिलाचा खणाचा ब्लाउज दंडातून वर चढेना. शर्मिला म्हणाली, तू चुकलीस. ज्ञानदा म्हणाली, माझी टेप चुकत नाही. त्यातून जो अर्थ निघायचा तो निघाला.

पण संक्रांत नुकतीच झाली होती आणि रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला कुणालाही बोलावता येतं. ज्ञानदानं गोड आवाज काढला.

“शर्मिला, गुरुवारी हळदीकुंकवाला ये गं. तळघरात.”

“तळघरात? मारून पुरणार आहेस का मला?”

“तिळगूळ देणार आहे. आणि फोन चार्ज करून आण. म्हणजे, फोटो काढायला.”

गुरुवारी दोघी आल्या. श्रुती जीन्समध्ये, शर्मिला हट्टानं काठपदरात, नाकात नथ. ज्ञानदानं श्रुतीला मशीनपाशी बसवलं, शर्मिलाला कापायच्या टेबलापाशी, आणि “साखर विसरले” म्हणून वर रस्त्यावर धावली. तिथून श्रुतीला व्हिडिओ कॉल लावला. नाही लागला. दुसऱ्यांदा लागला, तर नुसती हनुवटी दिसली आणि तीही हलेना. मग शर्मिलाला लावला.

शर्मिला लख्ख दिसली, नथीतल्या मोत्यांसकट.

“अगं, साखर आणायला गेलीस ना? की हळद व्हिडिओवरूनच लावणारेस?”

“जरा मशीनकडे जा ना. हां. आता मागे वळ. आता कपाटात वाक.”

“कपाटात?”

“थोडंसंच.”

शर्मिला वाकली. कपाटाच्या दाराला आतून ज्ञानदाची यादी चिकटवलेली होती. शर्मिलानं ती मोठ्यानं वाचली, आणि एक अक्षरही तुटलं नाही. “‘श्रुती, दुसरी कंपनी. शर्मिला, तिसरी कंपनी, भांडण चालू, तरी बोलावणे.’ ज्ञानदा! म्हणजे मला नाही, माझ्या फोनला बोलावलंस!”

ज्ञानदा जिना उतरून खाली आली तेव्हा श्रुती रुमाल तोंडात कोंबून हसत होती.

“चुकलं माझं,” ज्ञानदा म्हणाली. “पण शर्मिला, नवीन सिम यायला आठवडा लागेल आणि जयंतीताई शनिवारी…”

“अच्छा! म्हणजे फोन अजून हवाच आहे?” शर्मिलानं कुंकवासाठी कपाळ पुढे केलं. “देते की. पण फोनबरोबर मीही येणार.”

शनिवारी शर्मिला सकाळीच येऊन खुर्चीत ठाण मांडून बसली. फोन तिनं हातातच धरला. टिलबर्गच्या हॉलमध्ये अकराजणी रांगेत उभ्या, एकमेकींना टेप लावत होत्या. तिसरीचं माप आलं, बत्तीस. ज्ञानदा लिहिणार तोच शर्मिला ओरडली,

“ओ बाई, श्वास सोडा! पोट आत ओढून मापं देता आणि मग शिवणारीच्या नावानं खडे फोडता!”

तिकडे टेप सैल झाली. “पस्तीस,” बारीक आवाज आला.

ज्ञानदानं मान वळवून शर्मिलाकडे पाहिलं. सावकाश.

“माझ्याकडे काय बघतेस? लिही, पस्तीस!”

दीड तास शर्मिला एकेकीला श्वास सोडायला लावत होती. शेवटी जयंतीताई पडद्यावर आल्या. “एकदाही तुटला नाही हो फोन! कापड सोमवारी पाठवते. आणि त्या ओरडणाऱ्या बाई तुमच्याकडे कामाला आहेत का? छान आहेत.”

त्याच दुपारी ज्ञानदानं तिसऱ्या कंपनीचा दोन वर्षांचा करार केला. आठवड्यानं सिम आलं. नव्या सिमवर पहिलाच फोन शर्मिलाचा. तिनं जावेपासून सुरुवात केली, मग दाताच्या डॉक्टरकडे वळली. पंचवीस मिनिटं झाली. ज्ञानदाच्या हातातली बाही तशीच राहिली.

“हॅलो? हॅलो, शर्मिला? आवाज तुटतोय गं तुझा,” ज्ञानदा म्हणाली.

“थापा मारू नकोस,” शर्मिला म्हणाली, अगदी कानात बसल्यासारखी. “कपाटात वाकून बघितलंय मी. तर काय सांगत होते, माझी अक्कलदाढ…”