व्याह्यांची फौज आणि माझा हंडा

छावणीबाहेरची सगळ्यात शिस्तीची फौज कुठे असेल, तर ती कळंब्याला आमच्या व्याह्यांच्या कपाटात आहे. जुन्या काळी जवानांना मिळालेली मनगटी घड्याळं ते जमवतात. काळी डायल, अंधारात चमकणारे काटे, पाठीवर बाणाची खूण आणि नंबर. स्वतः व्याही फौजेत एक दिवसही नव्हते. भरतीला गेले तेव्हा छाती कमी भरली, म्हणून परत येऊन दूध डेअरीत चिकटले. तेव्हा कमी पडलेली छाती ते अजून भरून काढतायत, असं माझी मुलगी, म्हणजे त्यांची सून म्हणते.

आंघोळ झाली की घड्याळं ओळीने मांडून एकेकाला चावी देतात. याला त्यांच्याकडे हजेरी म्हणतात. ज्या जवानाचं घड्याळ, त्याच्याच हुद्द्याने त्याला हाक. "नाईकसाहेब आज मागं पडल्यात, गारठा लागला असंल," असं ते एकदा म्हणाले, तेव्हा आत कोणी पाहुणा आजारी आहे समजून मी डोकावून आलो. सोयरीक ठरवायला आम्ही त्यांच्या घरी बसलो होतो. मानपानावर माझा आवाज चढला. हे कानाला घड्याळ लावून बसलेले. म्हणाले, "पावणं, मागाल ते मान्य, पर आवाज खाली घ्या. सुभेदार लई दिसांनी चालू झाल्यात." आयुष्यात इतका सोपा सौदा मी केला नाही.

पण एका बाबतीत माझा त्यांच्यावर राग आहे, आणि तो मी सोडणार नाही. मी सायकलवर तांब्यापितळेची मोड गोळा करत दुकानापर्यंत आलेला माणूस. असलं एखादं घड्याळ स्वतः मिळवून व्याह्यांच्या नाकासमोर मिरवावं, ही माझी फार दिवसांची इच्छा. चंदगडकडच्या एका वाडीत एका वारलेल्या फौजीच्या म्हाताऱ्या बायकोकडे तसं घड्याळ असल्याचं मला कळलं. अस्सल-नक्कल पारखायला व्याह्यांना बरोबर नेलं, इथेच फसलो.

आमच्या धंद्यात हवी ती वस्तू कधी बघायची नसते. मी घड्याळाकडे पाठ केली आणि न्हाणीतल्या तांब्याच्या हंड्याला हात घातला. हंड्याला पोचे पडलेत, कल्हई गेलीय, कोण घेणार, अशी रीतसर सुरुवात केली. बेत असा, की हंड्याचा भाव पाडत आणायचा आणि शेवटी, 'जाऊ दे मावशी, ते बंद घड्याळ वर टाक,' म्हणायचं. पण म्हातारी माझ्या वरताण निघाली. "न्हाय परवडत तर ठेव की खाली," म्हणाली. मग माझं डोकं फिरलं. मी घड्याळ विसरलो आणि हंड्यासाठी इरेला पेटलो.

तिकडे व्याह्यांनी घड्याळ पुसून अलगद चावी दिली होती. ते उठून आले आणि त्यांनी ते म्हातारीच्या कानाला लावलं. ती बराच वेळ ऐकत राहिली.

"चालतंय की," ती म्हणाली. "ते गेल्यापास्नं गप हुतं. तुमीच न्या. हितं चावी द्यायला कोण हाय?"

येताना एसटीत व्याह्यांच्या मनगटावर घड्याळ आणि माझ्या मांडीवर हंडा. कंडक्टरने हंड्याचंही तिकीट फाडलं. व्याही म्हणाले, "पावणं, हंडा झ्याक गावला बघा."

ते घड्याळ मला द्या, म्हणून मी पुढे कितीदा भांडलो. दर वेळी त्यांनी चहा पाजून परत पाठवलं. हंड्यात बायकोने मोगरा लावलाय.

हल्ली व्याह्यांची बोटं थरथरतात. चावीचं बारीक बटण चिमटीत धरवत नाही. लेक-जावई पुण्याला. म्हणून सकाळी दुकान उघडायच्या आधी मी कळंब्याला जातो आणि हजेरी घेतो. ते खुर्चीत बसून हुद्दे सांगतात, मी चावी देतो.

परवा चंदगडचं घड्याळ माझ्या हातात होतं. व्याही खिडकीकडे बघत म्हणाले, "पावणं, ते घेऊन जावा आता. काय द्यायचं ते द्या."

इतकी वर्षं याच वाक्यासाठी भांडलो होतो. मी घड्याळ उलटसुलट करून पाहिलं.

"काच घासलीया, काटं काळं पडल्यात," मी म्हणालो. "फुकट दिलंसा तरी परवडायचं न्हाय."

ते हसले. "मग उद्या परत बघायला येतासा?"

"बघू की," म्हणालो. चावी पुरी केली, घड्याळ त्यांच्या कानाला लावलं आणि ते मान हलवेपर्यंत तसंच धरून ठेवलं. सौदा अजून तुटलेला नाही.