डावा कोपरा

मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा ती एका पोराच्या छातीवर बसली होती आणि त्याच्या नाकातून रक्त वाहत होतं.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. सांगलीत विश्रामबागला आमचं कॉलेज. कॉलेजला मोठं मैदान होतं, पण ते मुलांचं. तसा कुठे फलक नव्हता. पण मुलं तिथं खेळायची आणि आम्ही मुली वर्कशॉपमागच्या खडीवर कबड्डीचा सराव करायचो. गुडघ्यांवरच्या खपल्या कधी वाळायच्या नाहीत. त्या दिवशी मागं पाणी साचलं होतं, म्हणून आम्ही मोठ्या मैदानाच्या कडेला फक्कीनं रेघा मारल्या. मुलांच्या संघातला एक दणकट गडी हसत हसत रेघांच्या आत आला. "मी चढाई करतो, धरा मला," म्हणाला आणि दम घुमवत एकीच्या छातीला हात लावून परत गेला. बाकीची पोरं शिट्ट्या वाजवायला लागली. तो पुन्हा आला. या वेळी डाव्या कोपऱ्यात उभी असलेली नवी मुलगी खाली वाकली, तिनं त्याचा घोटा दोन्ही हातांत धरला आणि असा ओढला की तो थेट तोंडावर आपटला. त्याला उताणा करून ती छातीवर बसली आणि तिनं दोन ठोसे लगावले.

"लाव की आता हात. लाव!"

मुलं स्टंप घेऊन धावली. एक माझ्या पाठीत बसला, एकीच्या कोपरावर बसला. आमचे खेळाचे सर शिट्टी फुंकत आले, त्यांनी भांडण सोडवलं आणि झापलं ते आम्हालाच. "तुम्हाला मागची जागा दिली आहे ना? मग इकडं कशाला कडमडलात?"

ती नवी मुलगी पाटण तालुक्यातली, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका बौद्धवाडीतली. आई लोकांच्या शेतात राबायची, वडील नव्हते. मी रहिमतपूरजवळची. घरचा ऊस, वडील फौजेत, थोरला भाऊ तालमीत घुमणारा. मी खेळते हे घरात फक्त आईला ठाऊक होतं.

कबड्डीत पकड करणाऱ्या मुली एकमेकींचा हात धरून साखळी करतात. आमची कॅप्टन सांगलीतल्याच एका मोठ्या घरातली, खेळायला चपळ, बोलायला गोड. ती नव्या मुलीचा हात धरायची नाही. तिच्या बाहीचं टोक चिमटीत पकडायची. चढाई करणाऱ्या मुलींनाही ते कळलं होतं. त्या नेमक्या त्याच ठिकाणी धडक मारून साखळी फोडायच्या. एकदा असंच झालं आणि कॅप्टन तिच्यावरच ओरडली.

"तुला उभं राहता येत नाही का?"

"हात धर, मग सांगते," ती म्हणाली.

"मला जमणार नाही. घरच्यांना कळलं तर बोलतील."

मग बाजू बदलल्या आणि कॅप्टन चढाईला आली, तेव्हा नव्या मुलीनं तिला कमरेत धरून खडीवर असं टाकलं की कॅप्टनची हनुवटी फुटली. सरांनी त्या दिवशी तिला घरी पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी ती परत आली, तेव्हा मी जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले आणि तिचा हात धरला. तळवा घट्ट्यांनी भरलेला होता, माझ्या आईसारखा. तेव्हापासून डाव्या बाजूनं कुणी सहज निसटत नसे.

त्या हिवाळ्यात साताऱ्याला स्पर्धा होत्या. संघ जाहीर झाला, त्यात तिचं नाव नव्हतं. मी सरांना विचारायला गेले.

"अगं, खेळाचा प्रश्न नाही," सर म्हणाले. "आपल्या मुलींची राहायची सोय एका घरी केली आहे. तिथं देवधर्म पाळतात. हिचं जेवणाखाण्याचं कसं करायचं? उगाच कुणाला अवघडल्यासारखं नको."

"मग आम्ही दोघी तिथं राहत नाही."

"कुठं राहणार?"

"एसटी स्टँडवर राहू. पण ती नसेल तर मीही खेळत नाही."

आणखी दोघी तिथंच उभ्या होत्या. त्याही म्हणाल्या, आम्हीही नाही. आम्ही तिघी बाहेर पडलो असतो तर संघच उभा राहिला नसता. सरांनी चिडून तिला घेतलं. साताऱ्यात आम्ही चौघी एका शाळेच्या वर्गात बाकं जोडून झोपलो.

सामना दुपारचा होता. समोर साताऱ्याकडचाच संघ आणि भोवती त्यांची माणसं. पहिल्या पकडीलाच बाहेरून तिच्या जातीवरून शिवी आली. कुठून कळलं कोण जाणे. मग प्रत्येक वेळी तिचा हात कुणाला लागला की तीच शिवी. समोरच्या एका मुलीनं चढाईत तिच्या कपाळावर कोपर घातलं. भुवईवरची कातडी फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. पंच म्हणून आलेल्या बाईंनी खेळ थांबवला आणि विचारलं, "बाहेर बसतेस का?"

"न्हाई."

तिनं हाफपँटच्या काठानं डोळा पुसला. पुढची चढाई त्याच मुलीची होती. हिनं तिचा घोटा धरला आणि आम्ही सगळ्याजणी वर कोसळलो. खाली ती मुलगी किंचाळत होती, माझ्या दंडाला कुणीतरी चावत होतं, तोंडात माती गेली होती. त्यांचा अख्खा संघ बाद करून आम्ही लोण चढवला. सामना जिंकलो.

शिट्टी झाली आणि मला गर्दीत भाऊ दिसला.

त्याला कुणी सांगितलं हे मला कधीच कळलं नाही. तो दोरी ओलांडून आत आला. माझी हाफपँट, उघडे गुडघे आणि तिच्या खांद्यावरचा माझा हात त्यानं पाहिला. त्यानं कमरेचा पट्टा काढला.

"दादा, आरं ऐक तरी—"

पहिला फटका मानेवर बसला. बक्कल लागलं. मी खाली पडले तसा तो पायांवर, पाठीवर मारत सुटला. "नंगी नाचतीस व्हय गं? आन् कुणाच्या गळ्यात गळा घालून?" भोवती शेकडो माणसं होती. कुणी हललं नाही. काहीजण हसत होते. मग त्यानं पट्टा टाकला आणि माझा गळा धरला. मला त्याच्या तोंडाला येणारा तंबाखूचा वास आठवतो, आणि हा आता सोडणार नाही, एवढंच कळल्याचं आठवतं.

अचानक तो माझ्यावरून मागे गेला. तिनं त्याचा घोटा पकडून ओढला होता. तालमीतला गडी, त्यानं लाथ झाडून तिच्या तोंडावर मारली, तिचा एक दात तुटला. पण तिनं पाय सोडला नाही. आमच्या त्या दोघी धावत आल्या आणि त्याच्या अंगावर पडल्या. तो खांद्यावर आपटला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. कॅप्टन रेषेपलीकडं उभी होती. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

पोलीस चौकीत तिला जमिनीवर बसवलं आणि मला बाकावर. भावाला दवाखान्यात नेलं होतं. हवालदारानं तिला नाव, गाव विचारलं, जात विचारली आणि एक थोबाडीत दिली. "पुरुषाच्या अंगावर हात टाकतीस?" तिच्या तोंडातून आधीच रक्त येत होतं.

"आता पुन्हा हात लावलात तर मी इथून हलणार नाही," पंचबाई म्हणाल्या. त्या आमच्या मागोमाग चौकीत आल्या होत्या, गळ्यात शिट्टी तशीच. "आधी या मुलीचं ऐका. मार हिनं खाल्लाय."

हवालदार माझ्याकडं वळला. "काय गं, भाऊ हाय न्हवं तुझा? घरातली गोष्ट. या पोरीनं मारलं एवढं सांग, आन् घरी जा."

मला बोलता येत नव्हतं, घसा सुजला होता. तरी बोलले. "माझ्या भावानं मला जीव जाईस्तोवर मारलं. हिनं मला सोडवलं. माझी तक्रार भावावर हाय. लिवा."

त्याला लिहायचं नव्हतं. पंचबाई हलल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत त्यानं लिहिलं.

त्यानंतर घरचे दरवाजे मला बंद झाले. सुट्टीत मी हॉस्टेलवरच राहायचे, आई चोरून कुणाच्या तरी हाती चटणी-भाकरी पाठवायची. ती केस पुढं तारखांमध्ये विरून गेली. कॉलेजात मात्र गाजावाजा झाला आणि पेपरात नाव येईल या भीतीनं प्राचार्यांनी सकाळचं मोठं मैदान मुलींना दिलं. न्याय म्हणून दिलं, असं मला कधी वाटलं नाही. पण पायाखाली माती होती, खडी नव्हती. कॅप्टननं खेळ सोडला. शेवटच्या वर्षी डाव्या कोपऱ्यातली तीच संघाची कॅप्टन झाली, तुटक्या दातानं शिट्टी वाजवायची. पुढं ती पाटणकडं एका हायस्कुलात खेळाची शिक्षिका झाली.

त्या मारामारीनंतरच्याच उन्हाळ्याच्या तोंडाला वडील रजेवर आले आणि न सांगता विश्रामबागला मैदानावर येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्या मानेवरचा व्रण बघितला आणि मग तिच्याकडं वळले.

"माझ्या पोराचं हाड तूच मोडलंस का?"

"व्हय."

"का?"

"आवं, तुमची पोरगी मरत हुती."

त्यांचा जबडा हलत होता. ते तिला मारतील असं वाटून मी मधे सरकले. पण ते मला म्हणाले, "इतक्यात घरी येऊ नगंस. तो अजून शांत झाला न्हाई. मीबी झालो न्हाई." एवढं बोलून त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. तिच्यात आईनं दिलेले लाडू होते. ते पायऱ्यांवर जाऊन बसले.

आम्ही पुन्हा रेघांत उतरलो. मी चढाईला गेले, तिनं मला धरून आपटलं, माझा ओठ फुटला. पायऱ्यांवरून वडील ओरडले, "अगं, खांदा पाडून घुस, खांदा!"

तिनं माझा पाय सोडला नाही.