एका भाषेची माणसं

मंजिरी मुतगेकरबरोबर सिडनीतल्या हॅरिस पार्क भागात वाणसामान आणायला जाणं म्हणजे डोक्याला ताप असायचा. दुकानात कुठूनही मराठी शब्द कानावर पडला की ही हातातली टोपली तिथेच ठेवायची आणि त्या माणसापुढे जाऊन उभी राहायची. "तुम्ही मराठी का? कुठले?" समोरचा नाशिकचा निघो की नागपूरचा, हिला माहेरचं माणूस भेटल्याचा आनंद. मी पुण्याची. अनोळखी माणसाशी बोलायला मला काहीतरी कारण लागतं. मी कोथिंबिरीची जुडी धरून ताटकळत राहायचे आणि मनातल्या मनात तिचा उद्धार करायचे.

आता ती तसं करत नाही. का करत नाही, ते मला जवळून माहीत आहे.

मंजिरी बेळगावची. भाषावार राज्यं झाली तेव्हा आपलं गाव चुकीच्या बाजूला राहिलं, हे तिने अक्षरओळख होण्याआधीच ऐकलेलं. वडील दर एक नोव्हेंबरला दंडावर काळी फीत बांधून मोर्चाला जायचे. घरात एकच शिकवण: एका भाषेची माणसं ती आपली माणसं, मग वेष कोणताही असो. विद्यार्थी म्हणून ती सिडनीत स्वयंपाकाचा कोर्स करायला आली, कोर्स नावापुरता झाला, आणि पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळेपर्यंत ती वृद्धाश्रमात केअरर होऊन गेली होती. टूनगॅबीला राहते. वेस्टमीडच्या पुढे आमचा वृद्धाश्रम आहे, तिथल्या डिमेन्शिया विंगमध्ये मी नर्स आहे आणि ती केअरर. माणसांना भरवणं, आंघोळ घालणं, त्यांची बडबड ऐकणं ही कामं तिच्यासारखी कुणाला जमत नाहीत.

गेल्या वर्षी आमच्याकडे सेनादा नावाच्या आजी आल्या. बॉस्नियाच्या. ऑस्ट्रेलियन सवयीप्रमाणे त्यांचं नाव पहिल्याच आठवड्यात 'सनी' झालं. डिमेन्शियात मागाहून शिकलेली भाषा आधी जाते, तसं त्यांचं इंग्रजी पार गेलेलं. उरली होती ती भीती. त्या झोपताना बूट काढायच्या नाहीत. उशीच्या अभ्र्यात पाव लपवायच्या. दुपार कलली की दाराशी खुर्ची ओढायच्या आणि बाहेरच्या पावलांचा कानोसा घेत बसायच्या. आमचे निळे शर्ट पाहिले की भिंतीला पाठ लावून उभ्या राहायच्या. आम्ही म्हणायचो, आजार आहे, चालायचंच.

विंगच्या दुसऱ्या टोकाला मिक होता. उंच, वाकलेला, मऊ आवाजाचा म्हातारा. तरुणपणी इथे येऊन रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य घालवलेला. त्याच्या फाइलवर जन्मदेश युगोस्लाव्हिया लिहिलेला होता. तो देश यादवी युद्धात केव्हाच मोडला, त्याचे सहा-सात देश झाले, बॉस्निया त्यातलाच एक, पण मिकच्या डोक्यात तो अजून अख्खा होता. त्याचंही इंग्रजी गेलेलं. एक दिवस मंजिरीने ऐकलं की मिक जे पुटपुटतो आणि सनी जे पुटपुटते त्यात शब्द तेच आहेत. झालं. मंजिरीच ती. चेहरा उजळला तिचा. मला म्हणाली, "कौमुदी, अगं दोघांची भाषा एक आहे, आणि आपण त्यांना दोन टोकांना ठेवलंय."

दुसऱ्या दिवसापासून दोघांच्या खुर्च्या खिडकीपाशी एका टेबलावर. आणि कमाल झाली. आजी बोलायला लागल्या. मिक रोज त्यांच्या दारावर काठीने हलकेच टकटक करून "सनी, काफा" म्हणायचा, म्हणजे कॉफी, आणि त्या केस सारखे करून बाहेर यायच्या. बूट काढून झोपू लागल्या. मॅनेजरबाईंनी मीटिंगमध्ये मंजिरीचं कौतुक केलं आणि ती दिवसभर हवेत होती.

मग जानेवारीत मिकच्या घरच्यांचा नाताळ आला. त्यांचा तो सात तारखेला असतो. सून गोल पाव आणि मेणबत्ती घेऊन आली, शाळकरी नातू आला. मिकने छातीवर क्रूसाची खूण केली. फोटो काढताना नातवाने अंगठा आणि दोन बोटं उंचावली, आजोबांनीही तशीच उंचावली. पोराने ते फुटबॉलच्या मॅचला पाहिलेलं, त्याला त्यात काही वावगं वाटलं नसणार. टेबलाच्या पलीकडे सेनादाआजींच्या हातातून कप पडला.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या, भिंतीला धरून आपल्या खोलीत गेल्या, न्हाणीघरात शिरल्या आणि दाराच्या फटीत टॉवेल कोंबून शॉवरखाली जमिनीवर बसल्या. त्या दिवसापासून त्यांनी आमच्यापैकी कुणाच्या हातचं पाणी घेतलं नाही. पलंगावर आणून निजवलं तरी पुन्हा त्याच फरशीवर जाऊन बसायच्या, ग्लास पुढे केला की ओठ घट्ट मिटायच्या. बाहेर उन्हाने डांबर वितळत होतं. दोन दिवसांत त्यांची जीभ कोरडी पडली, डोळे खोल गेले. डॉक्टर पाहून गेले आणि म्हणाले, संध्याकाळपर्यंत पाणी पोटात गेलं नाही तर ॲम्ब्युलन्स बोलवा.

त्यांचा मुलगा एमिर कामासाठी पर्थला होता. त्याला मी फोन लावला आणि मंजिरीलाही ऐकायला बसवलं. मी घडलं ते सांगितल्यावर आधी तो खूप चिडला. आईला त्या माणसाशेजारी कुणी बसवलं, विचारलं. मंजिरीने कबूल केलं की तिने, आणि भाषा एकच होती म्हणून, असं हळूच सांगितलं.

मग त्याने सांगितलं. त्यांचं गाव यूएनने सुरक्षित म्हणून जाहीर केलं होतं. निळ्या टोप्यांचे सैनिक आले आणि म्हणाले, घाबरू नका, आम्ही आहोत. गावोगावची माणसं तिथे आसऱ्याला आली. एक दिवस दुसऱ्या बाजूचं, म्हणजे मिकच्या लोकांचं, सैन्य आत शिरलं आणि निळ्या टोप्या बाजूला उभ्या राहिल्या. एमिरची आई त्याला घेऊन तळघरात लपली होती, वडील आणि थोरला भाऊ बरोबर होते.

"त्यांनी दार तोडलं नाही," एमिर म्हणाला. "त्यांनी टकटक केलं. आमच्याच भाषेत, अगदी शेजाऱ्यासारखं. बाहेर या, काही होणार नाही, पाणी आहे, पाव आहे. भाषा परकी असती तर बाबांनी विश्वास ठेवला नसता."

वडील आणि भाऊ बाहेर गेले, ते परत आले नाहीत. मिकच्या नातवासारखीच तीन बोटं उंचावून ते लोक ट्रकवर उभे होते, हे त्याने लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. आता तिथे सीमा आहेत, वेगळे झेंडे आहेत, मिकच्या लोकांचा देश वेगळा आणि ह्यांचा वेगळा. मिक त्याच्या कितीतरी आधी देश सोडून आलेला, त्याला ह्यातलं काहीच ठाऊक नाही, हे एमिरलाही कळत होतं. त्याने एवढंच मागितलं की युनिफॉर्ममधल्या माणसांनी आईला उचलून नेऊ नका. ती वाटेतच जाईल.

आणि इथल्या ॲम्ब्युलन्सवाल्यांचा युनिफॉर्म निळा असतो. गडद, पण निळाच.

मंजिरीने स्टाफरूममध्ये जाऊन निळा शर्ट काढला, पिशवीतला घरी जायचा सुती कुडता घातला, पाण्याची बाटली ओढणीत गुंडाळली. मला म्हणाली, "तू बाहेर थांब. कुणाला येऊ देऊ नकोस." मी थांबले. पण दुसऱ्या खोलीत एक आजोबा पलंगावरून घसरले आणि मला पळावं लागलं. पुढचं तिने मला सांगितलं ते असं.

न्हाणीघरात ती रांगत गेली. आजींनी तिला डोळे बारीक करून पाहिलं, कुडता चाचपला आणि एकदम मनगट धरून आत ओढलं. ही आपल्यासारखीच लपायला आलेली बाई, असं त्यांनी ठरवलं होतं. दोघी फरशीवर एकमेकींना चिकटून बसल्या. आजींचं अंग तापलेलं होतं, काळीज इतक्या जोरात धडधडत होतं की मंजिरीला ते स्वतःच्या पाठीवर जाणवत होतं. तिने बाटली काढली. आजींनी मान हलवली.

तेवढ्यात खोलीच्या दारावर टकटक झालं.

"सनी," बाहेरून मऊ आवाज आला. "काफा."

आजींचा तळवा मंजिरीच्या तोंडावर घट्ट बसला. खोलीचं दार उघडलं. काठीचा आवाज आत आला, पलंगापाशी थांबला, मग न्हाणीघराकडे वळला. मिक दाराशी उभा राहून गोड गोड काहीतरी बोलत होता. ये, ये, असं काहीतरी. कडी आतून नव्हती. मंजिरीने पाय लांब करून दार अडवून धरलं.

"मला माहीत होतं तो मिक आहे," ती मला म्हणाली. "सकाळी त्याच्या पायात मोजे मीच चढवले होते गं. पण त्या वेळी मला वाटलं, आता हा दार ढकलणार आणि आम्हाला मारणार. खरंच वाटलं."

मिकने थोडा वेळ वाट पाहिली. पुन्हा एकदा काफा म्हणाला. मग काठीचा आवाज कॉरिडॉरमध्ये लांब गेला आणि थांबला. आजींनी हात खाली घेतला. मंजिरीने बाटली उघडली, आधी स्वतः प्यायली आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनी तिच्या घशाकडे पाहिलं, पाणी उतरलं का ते पाहिलं, आणि मग बाटली दोन्ही हातांनी धरून घटाघटा प्यायल्या. शेवटी तळाशी थोडं ठेवून ते त्यांनी मंजिरीला दिलं, पुढच्या वेळेला असू दे म्हणून.

ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली नाही. एमिर आला आणि पुढच्या आठवड्यात आईला दुसरीकडे घेऊन गेला. मंजिरीची त्याने तक्रार केली नाही, जाताना तिचा हात धरून उभा राहिला. मिक अजून दुपारी त्या रिकाम्या खोलीच्या दारावर टकटक करतो. ती टकटक ऐकू आली की मंजिरी हातातलं काम टाकून लांबच्या बाजूला निघून जाते. त्याच्या अंघोळीची पाळी तिने बदलून घेतली आहे. त्यात त्याचा काय दोष, असं मी एकदा म्हणाले. ती म्हणाली, मला कळतंय गं, आणि रडायला लागली.

गेल्या शनिवारी आम्ही हॅरिस पार्कला गेलो होतो. मसाल्यांच्या रॅकपाशी मी आपली किमती बघत होते. मागून एक बाई आल्या, आमचं बोलणं त्यांनी ऐकलं असावं. चेहरा हसरा, हातात पोह्यांचं पाकीट.

"तुम्ही मराठी का?" त्यांनी मंजिरीला विचारलं. "कुठल्या?"

मंजिरीने त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे कोण उभं आहे ते पाहिलं. "सॉरी," ती इंग्रजीत म्हणाली, आणि माझा दंड धरून मला बाहेर घेऊन आली. टोपली तिथेच राहिली. गाडीत बसल्याबरोबर तिने आधी दारं लॉक केली आणि मग पट्टा लावला.